जिभेवरचा व्रण, मानेचं ऑपरेशन आणि त्यानंतरचं बोलणं

तुम्ही लिहिलं आहे की बाबांच्या जिभेच्या डाव्या कडेला दोन महिन्यांपासून व्रण होता, बायोप्सीत कॅन्सर निघाला आणि आता हेड अँड नेक सर्जनकडे जायला सांगितलं आहे. तुमचे प्रश्न तीन आहेत. हा सर्जन नेमकं करतो काय? ऑपरेशननंतर बाबांना बोलता आणि जेवता येईल का? आणि घरात कोणीही अजून त्यांच्यासमोर 'कॅन्सर' हा शब्द उच्चारलेला नाही, तो उच्चारायचा का?

मी वीसएक वर्षं हेच काम करतो आहे. तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचं उत्तर तुम्हाला सर्जनची पहिली भेट होण्याआधीच लागणार आहे.

सांगा. त्यांना सांगा.

मी शिकाऊ असतानाची गोष्ट आहे. एका गृहस्थांचं स्वरयंत्र कॅन्सरमुळे पूर्ण काढावं लागणार होतं. मुलांनी आम्हाला विनवलं होतं, बाबा खचतील, त्यांना फक्त 'घशात गाठ आहे, ती काढायची आहे' एवढंच सांगा. आमच्या वरिष्ठांनी ते मान्य केलं, आणि मीही गप्प राहिलो. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रेसिंगला मी गेलो. ते शुद्धीवर होते. त्यांनी ओठ हलवले, आवाज आला नाही. पुन्हा हलवले. मग हात मानेकडे गेला, तिथल्या छिद्राला बोटं लागली आणि ते माझ्याकडे बघत राहिले. मी पाटी दिली, तर त्यावर लिहिलं, 'आवाज कधी येईल?' वॉर्डातल्या प्रत्येकाला उत्तर ठाऊक होतं, ज्याचा आवाज होता त्याला सोडून. त्यांची मुलं वाईट नव्हती, प्रेमापोटीच त्यांनी ते केलं होतं. पण त्या माणसाने पुढे आमच्यावर कधी विश्वास ठेवला नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

तेव्हापासून माझा नियम आहे. काय काढणार आहोत आणि मागे काय उरणार आहे, हे पेशंटने स्वतःच्या शब्दांत मला सांगितल्याशिवाय मी सही घेत नाही. नातेवाइकांची सही असली तरी नाही.

सांगायचं कसं, हा खरा अवघड भाग. मी आधी विचारतो, 'तुम्हाला काय वाटतंय, काय झालं असावं?' दहातले आठ जण स्वतःच तो शब्द उच्चारतात. जीभ त्यांच्या तोंडात आहे, दुखणं त्यांचं आहे, घरातली कुजबुज त्यांच्या कानावर येत असते. आपण लपवतो आहोत हेही त्यांना नवीन नसतं. शब्द उच्चारला गेला की मी थोडा वेळ काही बोलत नाही. घाईने धीर देणारा डॉक्टर पुष्कळदा स्वतःलाच धीर देत असतो. मग कागदावर जीभ काढतो, व्रण काढतो, किती भाग जाईल ते पेनाने आखतो आणि तो कागद घरी देतो. पहिल्या भेटीत ऐकलेलं बहुतेक पुसलं जातं, म्हणून दुसरी भेट दोन-तीन दिवसांत ठेवतो आणि सगळं पुन्हा सांगतो.

आता पहिला प्रश्न. कवटीच्या तळापासून गळपट्टीच्या हाडापर्यंतचा भाग आमचा. त्यात तोंड, घसा, स्वरयंत्र, नाक आणि सायनस, लाळग्रंथी, थायरॉइड, मानेतल्या लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) आणि वरची त्वचा येते. मेंदू, डोळे आणि मणका येत नाहीत. आमच्यातले बरेच जण कान-नाक-घसा शाखेतून येतात, काही जनरल सर्जरीतून, काही जबड्याच्या किंवा प्लास्टिक सर्जरीतून, आणि नंतर काही वर्षं फक्त याच भागाचं शिक्षण घेतात. वेगळं शिकावं लागतं कारण वीतभर जागेत श्वास, गिळणं, बोलणं, चव आणि चेहरा एकमेकांत गुंतलेले आहेत. पॅरोटिड या लाळग्रंथीतून चेहऱ्याची नस पाच फांद्या फुटून जाते, गाठ काढताना ती एकेक फांदी सोडवावी लागते. थायरॉइडच्या मागून स्वरयंत्राची नस वर चढते. ती दुखावली की आवाज घोगरा होतो, आणि दोन्ही बाजूंची गेली तर श्वासच अडतो. जबड्याच्या खालून जाणारी एक बारीक नस तुटली तर हसताना ओठाचा एक कोपरा खाली येत नाही, हसू वाकडं दिसतं. पेशंट जिवंत आहे, कॅन्सर निघाला आहे, पण आरशासमोर उभं राहिल्यावर त्याला रोज तोच ओठ दिसतो.

पहिल्या भेटीत बाबांच्या तोंडात सर्जन बोट घालतील, दचकू नका. माझ्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची तपासणी आहे. डोळ्यांना दिसणारा व्रण दीड सेंटिमीटरचा असतो आणि बोटाला लागणारा कडकपणा त्याच्या बराच पुढे गेलेला असतो. जिभेच्या कॅन्सरमध्ये रुंदीइतकीच खोलीही महत्त्वाची. स्टेज ठरवण्याच्या टीएनएम पद्धतीच्या आठव्या आवृत्तीत खोलीचा हिशेब आला. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान व्रणसुद्धा पाच मिलिमीटरपेक्षा खोल गेला असेल तर वरच्या पायरीत धरला जातो. त्यासाठी बहुधा एमआरआय सांगतील. नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा आणि स्वरयंत्रही बघतील, कारण ज्या तंबाखूने, सुपारीने किंवा दारूने जिभेवर परिणाम केला तिने बाकीच्या अस्तरावरही केलेला असू शकतो. आणि बायोप्सी केल्यामुळे कॅन्सर पसरला, असं कोणी घरात म्हणत असेल तर ते खरं नाही. बायोप्सीशिवाय उपचार ठरवताच येत नाहीत.

हाताला गाठ लागत नाही तर मान का उघडायची, असं तुम्ही विचाराल. सगळेच विचारतात. जिभेतल्या कॅन्सरच्या पेशी मानेतल्या लसिकाग्रंथींत फार लवकर पोचतात आणि सुरुवातीला हाताला काय, स्कॅनलाही दिसत नाहीत. आधी जीभच करू, मानेत काही आलं तर मग बघू, असाही एक मार्ग पूर्वी घेतला जायचा. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये या दोन मार्गांची समोरासमोर तुलना झाली आणि 2015 मध्ये निकाल छापून आला. ज्यांची मान पहिल्याच ऑपरेशनमध्ये साफ केली त्यांच्यातले 80 टक्के तीन वर्षांनी हयात होते, वाट पाहिली त्यांच्यातले 67.5 टक्के. हा फरक छोटा नाही. त्यामुळे अगदीच उथळ व्रण सोडला तर बाबांच्या मानेचंही ऑपरेशन सोबतच सुचवलं जाईल अशी तयारी ठेवा.

मात्र मानेचं ऑपरेशन म्हटलं की जुन्या लोकांच्या डोळ्यांसमोर खांदा पडलेला, मान आक्रसलेली माणसं येतात. तेही खोटं नाही. जॉर्ज क्राइल या अमेरिकन सर्जनने 1906 मध्ये या ऑपरेशनची पद्धतशीर मांडणी केली. त्यात लसिकाग्रंथींबरोबर मानेचा मोठा स्नायू, मोठी शीर आणि खांदा उचलणारी नस हे तिन्ही काढलं जाई. पुढची अनेक दशकं हेच योग्य मानलं गेलं. अर्जेंटिनाच्या ओस्वाल्दो सुआरेझ यांनी शवविच्छेदनातून दाखवलं की लसिकाग्रंथी आवरणांच्या पदरात असतात, तो पदर सोलून काढला तर स्नायू, शीर आणि नस मागे ठेवता येतात. आज बाबांसारख्या पेशंटमध्ये आम्ही मानेच्या ठरावीक भागांमधल्याच ग्रंथी काढतो आणि या तिन्ही गोष्टी शक्यतो वाचवतो. तरीही नस हाताळली गेल्यामुळे खांदा काही महिने जड राहतो. व्यायाम पहिल्या आठवड्यापासून सुरू केला तर हात वर जातो. कंटाळून सोडला तर सांधा आखडतो आणि पुढे केस विंचरणंही जड जातं. हे मी ऑपरेशनच्या आधीच बजावतो, नंतर सांगितलं तर पेशंटला ती सबब वाटते.

जिभेचा भाग काढताना दिसणाऱ्या-लागणाऱ्या गाठीभोवती साधारण एक सेंटिमीटर निरोगी वाटणारा भागही घ्यावा लागतो. 'डॉक्टर, थोडं कमी काढा ना' असं लोक हात जोडून म्हणतात. माझं उत्तर इथे ठाम असतं. कडेला कॅन्सर राहिला तर पुढचं ऑपरेशन याहून मोठं होईल आणि हाती कमी लागेल. वाचवायचं ते नस, स्नायू, हाड यांच्यात वाचवायचं, कडेच्या मोजमापात नाही.

जीभ थोडी गेली तर ती टाक्यांनी जुळते. अर्ध्याच्या जवळ गेली तर हाताच्या पुढच्या भागातली त्वचा तिच्या रक्तवाहिन्यांसकट आणून तिथे बसवतात. यालाच फ्लॅप म्हणतात. दोन-तीन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या मायक्रोस्कोपखाली मानेतल्या रक्तवाहिन्यांना शिवल्या जातात. तो तुकडा चव घेत नाही, स्वतः हलत नाही. त्याचं काम भर घालण्याचं आहे, म्हणजे उरलेली जीभ टाळूपर्यंत पोचते आणि घास मागे ढकलता येतो. पहिले दोन-तीन दिवस नर्स तासातासाला येऊन त्या तुकड्याचा रंग बघतील, बोट लावून ऊब बघतील, डॉप्लर या छोट्या यंत्राने त्यातली नाडी ऐकतील. तो निळसर पडायला लागला तर शीर तुंबलेली असते, आणि वेळेत कळलं तर पुन्हा थिएटरमध्ये नेऊन बहुधा वाचवता येतो. मध्यरात्री बाबांना परत आत नेलं तर सगळं संपलं असं समजू नका. ज्या नर्सने तो बदललेला रंग पहिल्यांदा ओळखला, तिच्यामुळे जीभ वाचते. अशा किती रात्री मी स्वतः पाहिल्या आहेत, आणि त्या नर्सची नावं माझ्या लक्षात आहेत.

सूज असल्यामुळे काही दिवस मानेतून श्वासाची नळी आणि नाकातून जेवणाची नळी असू शकते. तुमच्या बाबांच्या बाबतीत या दोन्ही तात्पुरत्या असण्याचीच शक्यता जास्त. नळी असेपर्यंत बोलता येणार नाही, म्हणून पाटी किंवा वही आधीपासून जवळ ठेवा, आणि घरातल्या दोन माणसांना त्यांचं अक्षर वाचता येतं ना हे बघून ठेवा.

आता बोलण्याविषयी. मी ऑपरेशनच्या आधी पेशंटला वर्णमाला म्हणायला लावतो आणि रेकॉर्ड करतो. आपली वर्णमाला उच्चाराच्या जागांप्रमाणेच लावलेली आहे, त्यामुळे जिभेचा कोणता भाग काय करतो ते तिच्यातून थेट ऐकू येतं. प, फ, ब, म ओठांचे, त्यांना फारसं काही होत नाही. क, ख, ग जिभेच्या मागच्या भागाचे, तेही बहुधा टिकतात. स्वर टिकतात. अडतात ते त, थ, द, ल आणि त्याहून जास्त ट, ठ, ड, ण, ज्यांना जिभेचं टोक वर वळवावं लागतं. र आणि ळ माझ्या अनुभवात सर्वांत शेवटी येतात, आणि काहींचे पूर्ण येत नाहीत. जिभेचा लहान भाग गेलेल्यांचं बोलणं काही आठवड्यांत असं होतं की अनोळखी माणसाला फरक कळत नाही. अर्धी जीभ गेली तर बोलणं जाडसर राहतं, पण घरच्यांना आणि फोनवरही समजतं, अट एवढीच की वाचा-उपचारतज्ज्ञांकडे नेमाने जायला हवं. त्यांची भेट ऑपरेशनच्या आधी करून घ्या. आपल्याला पुढे कोण शिकवणार आहे तो चेहरा आधी पाहिलेला असला की पेशंट धीट असतो.

गिळण्याचंही असंच. सुरुवातीला घास तोंडात फिरत राहतो, ओठांतून गळतो, ठसका लागतो. ठसक्याला घाबरून नळीच बरी म्हणणारे पेशंट असतात, आणि जे गिळणं थांबवतात त्यांचे गिळण्याचे स्नायू खरोखरच विसरतात. मात्र पहिला घोट तज्ज्ञांसमोरच द्यायचा, घरच्यांनी मायेने चोरून द्यायचा नाही. घट्ट की पातळ, बसून की मान झुकवून, हे प्रत्येकाचं वेगळं ठरतं.

साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत पॅथॉलॉजीचा अंतिम अहवाल येईल. त्यावर रेडिएशन लागेल का, सोबत केमो लागेल का, हे ठरेल. हा निर्णय सर्जन एकटा घेत नाही आणि त्याने घेऊही नये. रेडिएशन आणि केमोचे डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून ठरवतात. लागणार असेल तर ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं, म्हणून जखम भरणं, वजन टिकणं याला एवढं महत्त्व आहे. दात आधी तपासून घ्या. किडलेले दात रेडिएशनच्या आधीच काढायचे. नंतर काढले तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. पुढे तोंड कोरडं पडेल, तोंड उघडणं कमी होईल, त्याचे व्यायाम आहेत. मानेला रेडिएशन मिळालेल्यांची थायरॉइड तपासणी वर्षातून एकदा-दोनदा करावीच लागते, कारण ती ग्रंथी हळूहळू मंदावते आणि पेशंटचा थकवा सगळेजण कॅन्सरच्या खात्यावर टाकत बसतात.

थायरॉइडवरून एक सांगावंसं वाटतं. स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे थिओडोर कोखर गलगंडाच्या ऑपरेशनमध्ये इतके निष्णात झाले होते की जिथे पूर्वी माणसं टेबलावर दगावत, तिथे त्यांचे पेशंट चालत घरी जात. त्यांनी काही जणांची थायरॉइड ग्रंथी पूर्ण काढली होती. पुढे एका मुलीची बातमी त्यांच्या कानावर आली, ऑपरेशननंतर तिची वाढ खुंटली होती आणि बुद्धी मंदावली होती. कोखर यांनी जुन्या पेशंटना परत बोलावलं, तपासलं, आणि 1883 मध्ये जाहीरपणे मांडलं की पूर्ण ग्रंथी काढल्याने आपल्या पेशंटचं हे असं झालं आहे. ती पद्धत त्यांनी थांबवली. थायरॉइडवरच्या कामासाठी 1909 चं नोबेल त्यांना मिळालं, पण मला त्या बोलावण्याचं मोल जास्त वाटतं. त्या काळी निर्दोष ऑपरेशन केल्याचं समाधान घेऊन ते गप्प बसू शकले असते.

फॉलोअपला मी म्हणूनच पुष्कळ वेळ देतो. पहिली दोन वर्षं दर एक-दोन-तीन महिन्यांनी बोलावतो, कारण कॅन्सर परतायचा असेल तर बहुतेक वेळा याच काळात परततो. पण तेवढ्यासाठीच नाही. समोर पाण्याचा घोट घ्यायला लावतो. चारचौघांत जेवता का, असं विचारतो. या प्रश्नाला माणसं थबकतात. जेवता येतं पण लग्नाकार्याला जात नाही, गळतं म्हणून कोपऱ्यात बसतो, नातवंडं घाबरतात असं वाटतं, हे सगळं त्या एका प्रश्नानंतर बाहेर येतं. आमच्या पेशंटमध्ये खोल निराशा येण्याचं प्रमाण बरंच असतं आणि आत्महत्येचा धोकाही असतो. रिपोर्ट चांगला आहे म्हणून ते दिसत नाही. बाबा गप्प झाले, झोपेनासे झाले, 'मी ओझं झालो' असं म्हणाले, तर ते ऑपरेशनमुळे आलेलं आजारपण समजा आणि टाक्यातून रक्त आल्यावर जितक्या तातडीने फोन कराल तितक्याच तातडीने करा.

सर्जन नेहमी कापायलाच सुचवतो, अशीही एक समजूत आहे. स्वरयंत्र कॅन्सरसाठी पूर्ण काढण्याचं पहिलं ऑपरेशन व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी 1873 मध्ये केलं, आणि पुढची शंभरएक वर्षं वाढलेल्या आजाराला तेच मुख्य उत्तर होतं. 1991 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं की केमो आणि रेडिएशन दिल्यावर जवळजवळ दोन-तृतीयांश पेशंटचं स्वरयंत्र वाचलं आणि आयुष्य कमी झालं नाही. आज आम्ही अशा अनेकांना आधी रेडिएशनच्या डॉक्टरांकडे पाठवतो. पण ज्याचं स्वरयंत्र आजाराने आधीच मोडून गेलं आहे, ज्याला पाणी गिळताना श्वासनळीत जातं, त्याचा नुसता सांगाडा वाचवून उपयोग नसतो. अशांना काढलेलं बरं, हे माझं मत आहे, आणि छोटा व्हॉल्व्ह बसवून त्यांना पुन्हा बोलतं करता येतं. तुमच्या बाबांच्या जिभेसाठी मात्र सर्वसाधारणपणे ऑपरेशन हाच पहिला मार्ग आहे. ते टाळून दुसरं काही शोधण्यात आठवडे घालवू नका.

भेटीला जाण्याआधी एवढं करून ठेवा. तंबाखू किंवा सिगारेट असेल तर आजच बंद, फ्लॅपच्या बारीक रक्तवाहिन्यांना ती चालत नाही आणि दुसरा कॅन्सरही तिथूनच येतो. त्यांच्या सगळ्या औषधांची यादी करा, रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ठळक लिहा. वजन लिहून ठेवा. बायोप्सीचा अहवाल, तपासलेल्या तुकड्याचे मेणातले ब्लॉक आणि काचा (स्लाइड) मागून घ्या. बाबांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा, पण मुद्दाम बसवून नको, ते तुमच्याशी नेहमीसारखे बोलत असताना.

आणि डॉक्टरांच्या खोलीत समोरच्या खुर्चीवर बाबांना बसवा, तुम्ही बाजूला बसा. डॉक्टर तुमच्याकडे बघून बोलायला लागले, तर त्यांना म्हणा, 'बाबांना सांगा, त्यांना माहीत आहे.'